ड्रोन वेगात, पण झोकात कसा वळवाल?

नवा कॅमेरा ड्रोन घेतला की तक्रार ठरलेली: सरळ उडताना चित्रण छान येतं, वळताना मात्र फरपटल्यासारखं दिसतं. कारण सोपं आहे. नुसती डावी स्टिक फिरवली की ड्रोनचं नाक वळतं. जडत्वामुळे ड्रोन मात्र जुन्याच दिशेला घसरत राहतो.

दिशा बदलायला वळणाच्या आत ढकलणारं बल लागतं, आणि चार पंख्यांच्या ड्रोनला ते कलूनच मिळतं. सायकलस्वार वळणावर आत झुकतो, तसंच. म्हणून नाक वळवतानाच उजवी स्टिकही त्याच बाजूला हलकेच न्या. दोन्ही हळूहळू वाढवा आणि हळूहळूच सोडा.

थोडं गणित करू. वेग सेकंदाला १० मीटर आणि कल २७ अंश असेल, तर वळणाची त्रिज्या साधारण २० मीटर होते. नाक सेकंदाला सुमारे २९ अंश फिरावं लागतं. कल तोच ठेवून वेग दुप्पट केला, तर त्रिज्या चौपट, म्हणजे ८० मीटर. अंदाज चुकतो तो इथेच, आणि समोर झाड असतं. त्यात अनेक ड्रोनमध्ये स्पोर्ट मोडवर अडथळे ओळखणारी यंत्रणा बंद असते. तेव्हा वेग वळणाआधीच कमी करा.

सरावाला मोकळ्या मैदानात इंग्रजी आठचा आकडा गिरवा. डावी-उजवी दोन्ही वळणं हाताखालून जातात. उंची ४०० फुटांच्या आत आणि ड्रोन नजरेसमोर हवा. ग्रँड कॅन्यनला मात्र नेऊ नका. अमेरिकेच्या राष्ट्रीय उद्यानांत २०१४ पासून ड्रोनला बंदी आहे.