चुंबकाने चालणारे सूक्ष्म यंत्रमानव आणि औषधोपचार

मेंदूतील धमनीत रक्ताची गुठळी अडकून पक्षाघात झालेल्या रुग्णास, वेळेत आणल्यास, गुठळी विरघळविणारे औषध शिरेतून दिले जाते. गुठळी एका अरुंद धमनीत असते. औषध मात्र सर्वांगात फिरते. म्हणून मात्रा मोठी द्यावी लागते आणि अन्यत्र, प्रसंगी मेंदूतच, रक्तस्राव होण्याचे भय राहते. कर्करोगावरील औषधांचीही अडचण याच जातीची. औषध नेमके दुखण्याच्या जागी पोहोचविता येईल काय, या प्रश्नावर गेली काही वर्षे जे संशोधन चालू आहे, त्याची ओळख आम्ही येथे करून देत आहोत.

‘यंत्रमानव’ हा शब्द येथे काहीसा फसवा आहे. या कणास हातपाय नाहीत, बॅटरी नाही, बुद्धी तर नाहीच. त्यास कळसूत्री बाहुली म्हणणे आम्हांस अधिक योग्य वाटते. दोऱ्यांच्या जागी चुंबकीय क्षेत्र असते आणि ते निर्माण करणारी वेटोळी रुग्णाच्या शरीराबाहेर असतात.

खरी अडचण आकाराची आहे. चुंबकाची ओढ कणाच्या घनफळावर अवलंबून असते. व्यास निम्मा केला की ओढ एक-अष्टमांश उरते. द्रवाचा चिकट विरोध मात्र निम्माच घटतो. त्यातच चुंबक दूर गेला की ओढ झपाट्याने क्षीण होते, आणि रक्ताचा प्रवाह तर अखंड वाहतच असतो. २००७ साली माँट्रियल येथील सिल्व्हां मार्तेल यांच्या गटाने एम.आर.आय. यंत्राच्याच चुंबकीय क्षेत्राने जिवंत डुकराच्या मानेतील धमनीत एक गोळी इच्छित मार्गाने फिरविली. तिचा व्यास दीड मिलिमीटर होता. याहून लहान कणांसाठी ओढण्याऐवजी फिरविण्याची युक्ती निघाली. २००९ मध्ये अंबरीश घोष व पीअर फिशर यांनी काचेचे अतिसूक्ष्म मळसूत्र तयार करून फिरत्या चुंबकीय क्षेत्राने ते द्रवात स्क्रूप्रमाणे पुढे नेले. पुढे बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत घोष यांच्या सहकाऱ्यांनी असेच लोहयुक्त कण दातांतील सूक्ष्म नलिकांत खोलवर नेऊन, तेथे उष्णता निर्माण करून जंतू मारता येतात, असे २०२२ मध्ये दाखविले. मुळाचा उपचार झालेल्या दातात जंतू मागे राहण्याचा त्रास ज्यांनी सोसला आहे, त्यांना याचे मोल सांगावयास नको.

पक्षाघाताच्या दृष्टीने मात्र झुरिच येथील ई.टी.एच. तंत्रविद्यापीठात ब्रॅडली नेल्सन व साल्वादोर पाने यांच्या गटाने केलेले काम महत्त्वाचे आहे. ते नोव्हेंबर २०२५ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. त्यांची कुपी जिलेटिनची, गोल असते. चुंबकास प्रतिसाद देण्यासाठी तिच्यात लोहाच्या ऑक्साइडचे कण, क्ष-किरणांत दिसावी म्हणून टँटलमचे कण, आणि सोबत औषध असते. कॅथेटरने ती रक्तवाहिनीत सोडतात. मग कधी तिला वाहिनीच्या भिंतीलगत घरंगळत नेतात, कधी प्रवाहाच्या उलट ओढतात, तर कधी प्रवाहाबरोबर जाऊ देऊन फाट्यापाशी योग्य शाखेत वळवितात. मुक्कामी पोहोचल्यावर उच्च वारंवारतेच्या चुंबकीय क्षेत्राने आतील लोहकण तापतात, जिलेटिन विरघळते आणि औषध मोकळे होते. मानवी रक्तवाहिन्यांच्या हुबेहूब सिलिकोन प्रतिकृतींत हे प्रयोग झाले; औषध ९५ टक्क्यांहून अधिक वेळा योग्य जागी पोहोचले. नंतर डुकरांत, तसेच मेंढीच्या मेंदूभोवतीच्या द्रवातही कुपी चालवून पाहण्यात आली.

हा निबंध प्रसिद्ध झाला तेव्हा माणसांवरील चाचण्या व्हावयाच्या होत्या. शिवाय असा उपचार एखाद्या रुग्णालयात व्हावयाचा तर कुपी ही त्यातील लहानशी बाब ठरेल. टेबलाभोवती विद्युतचुंबकांची मांडणी, त्याच वेळी चालणारे क्ष-किरण चित्रण आणि कॅथेटर हाताळण्यात निष्णात चिकित्सक हे सर्व अहोरात्र सज्ज असावे लागेल. धर्मादाय रुग्णालयास हा खर्च पेलणे सोपे नाही. तोवर गुठळीच्या पक्षाघातात शिरेतील औषध हा प्रमुख उपचारांपैकी एक राहील, आणि ते साधारणतः पहिल्या साडेचार तासांतच देता येते. तोंड वाकडे होणे, हात लुळा पडणे, बोबडी वळणे यांपैकी काहीही दिसताच घड्याळ पाहून ती वेळ लिहून ठेवावी. रुग्ण आणल्यावर आमचे चिकित्सक प्रथम तीच विचारतात.