फोन बदलला, आजोबा नाही

रात्री फोन चार्जिंगला लावून आपण झोपतो आणि सकाळी पाहावे तो त्याचा चेहरामोहराच बदललेला. चिन्हे वेगळी, अक्षरे बारीक, आणि बंद करायचे बटण दाबून धरले तर फोन बंद होण्याऐवजी आतून एक बाई विचारते, काय मदत करू? यालाच अपडेट म्हणतात. फोन चालवणारी मूळ यंत्रणा, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टीम, कंपनी अधूनमधून सुधारून पाठवते. त्यात सुरक्षिततेच्या दुरुस्त्याही असतात, म्हणून अपडेट घेऊच नका असे मी म्हणणार नाही. पण त्याचा आरोग्याशी संबंध आहे आणि तो वाटतो त्यापेक्षा जवळचा आहे.

हल्ली साठी-सत्तरीच्या वडिलांना घेऊन मुले दवाखान्यात येतात. ‘डॉक्टर, बाबांना विसरायला होतंय. रोज नातवाला व्हिडिओ कॉल करायचे, आता फोन हातात धरून नुसते बघत बसतात.’ कधीपासून, असे विचारले की उत्तर येते, ‘पंधरा दिवस झाले.’ अल्झायमरसारखा विस्मरणाचा आजार असा तारीख-वार ठरवून येत नाही, तो महिनोन् महिने हळूहळू उलगडतो. मग मी आजोबांना पेन्शनची तारीख, पिकाचा भाव, गोळ्यांच्या वेळा विचारतो. ते घडाघडा सांगतात. तेव्हा मी फोन मागून घेतो आणि बहुधा रोगाचे निदान तिथेच होते.

आपल्या स्मृतीचे प्रकार आहेत. काल काय जेवलो ही एक स्मृती, आणि सायकल कशी चालवायची ही दुसरी. १९५३ साली अमेरिकेत एका तरुणावर फिट्ससाठी मेंदूची शस्त्रक्रिया झाली. त्यानंतर नवी कोणतीही गोष्ट त्याच्या लक्षात राहीना. पण ब्रेंडा मिल्नर या संशोधिकेने त्याला आरशात बघून चांदणी गिरवायला दिली, तेव्हा दिवसागणिक त्याचा हात सुधारत गेला, जरी आपण हे काल केले होते हे त्याला आठवत नसे. हाताच्या सवयीचे खाते मेंदूत वेगळे असते ते असे. फोन वापरणे हे बरेचसे याच खात्यातले काम आहे. बटणाची जागा बदलली की बोट जुन्या जागी जाते, आणि जुनी सवय नव्या शिकण्याच्या आड येते. वय झाले की हे शिकणे सावकाश होते, पण होते.

म्हणून मुलांना सांगणे असे, की ‘द्या इकडे, मी करून देतो’ हे म्हणू नका. बोट आजोबांचेच चालू द्या, तुम्ही शेजारी बसा. एका दिवशी एकच गोष्ट, तीही तीन-चार वेळा. ठळक अक्षरांत कागदावर लिहून भिंतीला लावा. मात्र माणूस एका-दोन दिवसांत अचानक गोंधळला, असंबद्ध बोलू लागला, तर फोनला दोष देत बसू नका. साखर किंवा सोडियम उतरणे, लघवीचा जंतुसंसर्ग, पक्षाघात, यांपैकी काहीही असू शकते. त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा.

आता खऱ्या धोक्याकडे येतो. माझ्या एक रुग्ण फिट्सच्या गोळ्या फोनवरच्या आठवण देणाऱ्या ॲपच्या भरवशावर घेत. तीन वर्षे एकही फिट नव्हती. अपडेटनंतर बॅटरी वाचवण्यासाठी फोनने ते ॲप झोपवून टाकले. घंटा वाजली नाही, दोन दिवस गोळ्या चुकल्या आणि फिट आली. नशिबाने ती अंथरुणात आली, गॅसच्या ओट्यापाशी नव्हे. अँड्रॉइड ११ पासून, म्हणजे २०२० पासून, काही महिने न उघडलेल्या ॲपच्या परवानग्या फोन आपणहून काढून घेतो. अँड्रॉइड १३ पासून नव्या ॲपला सूचना देण्यासाठीही तुमची परवानगी लागते. चुकून ‘नको’ दाबले की ते ॲप मुके.

दंडावर साखरेचा सेन्सर लावणाऱ्यांना तर हे जिवावर बेतू शकते. साखर उतरल्याचा इशारा फोनवर न आल्याच्या तक्रारींवरून अमेरिकेच्या औषध प्रशासनाने फेब्रुवारी २०२५ मध्ये रुग्णांना सावध केले. त्यांचा सल्ला असा, की आपोआप होणारे अपडेट बंद ठेवा, सेन्सरचे ॲप नव्या आवृत्तीवर चालते का ते आधी पाहा आणि महिन्यातून एकदा तरी इशाऱ्यांची सेटिंग तपासा.

इतरांनी अपडेटनंतर एवढे करावे: दोन मिनिटांनंतरचा अलार्म लावून फोन लॉक करून ठेवा आणि वाजतो का ते ऐका. महत्त्वाच्या गोळ्यांसाठी फोनच्या घड्याळाचाच अलार्म वापरा आणि जोडीला वारांचे खण असलेली डबी ठेवा. मंगळवारचा खण भरलेला दिसला की कळते, त्याला अपडेट लागत नाही. गोळी चुकली तर मनाने दुप्पट घेऊ नका, डॉक्टरांना विचारा.

काहींना नव्या पडद्याकडे पाहून गरगरते, त्यांना हसू नये. २०१३ मध्ये आयफोनच्या सातव्या आवृत्तीत चित्रे झेपावू, सरकू लागली तेव्हा अनेकांनी मळमळ आणि चक्कर येत असल्याचे सांगितले. डोळा म्हणतो हालतोय, कानातला तोलाचा अवयव म्हणतो स्थिर आहे; एसटीत घाटातून जाताना होते तसाच हा प्रकार. ॲक्सेसिबिलिटी या सेटिंगमध्ये हालचाल कमी करण्याची सोय असते, ती चालू करा. अक्षरे मोठी करण्याची सोयही शोधून ठेवा. मोठी करूनही धूसर दिसत असेल तर मोतीबिंदू तपासून घ्या.

राहता राहिले संकटकाळचे बटण. अनेक नव्या फोनांत बाजूचे बटण पाच वेळा दाबले की मदतीसाठी फोन लागतो. २०२३ मध्ये ब्रिटनच्या पोलिसांकडे खिशातल्या खिशात लागलेल्या अशा मुक्या फोनांचा पूर आला होता. आपल्याकडचा क्रमांक ११२. ही सोय तुमच्या फोनवर आहे का, आणि तिथे नातेवाईक म्हणून कोणाचा नंबर आहे, ते आजच बघा. परवा एका आजोबांच्या फोनमध्ये तो दहा वर्षांपूर्वी गाव सोडून गेलेल्या शेजाऱ्याचा निघाला.