कार्डचा नंबर फुटला कुठून?

अमेरिकेत नव्याने आलेल्यांसाठी, इथे स्थिरावलेल्या मराठी कुटुंबांकडून

भारतात ऑनलाइन खरेदीला ओटीपी लागतो. इथे बहुतेक ठिकाणी तो मागत नाहीत. कार्डचा नंबर, मुदत आणि मागचे तीन आकडे मिळाले की पैसे जातात. म्हणून कार्ड हातात पडताच बँकेच्या ॲपमध्ये प्रत्येक व्यवहाराचा अलर्ट सुरू करा. कार्ड चालतं का हे पाहायला चोर आधी एखाद-दोन डॉलर काढून बघतो. ती रक्कम किरकोळ म्हणून सोडू नका.

आधी फोन, मग तपास

अनोळखी व्यवहार दिसला की कार्ड लॉक करा आणि कार्डच्या मागे छापलेल्या नंबरवरच फोन करा. क्रेडिट कार्डावर कायद्याने तुमची जबाबदारी फार तर 50 डॉलर. डेबिट कार्डाचं तसं नाही: पैसे थेट खात्यातून जातात, घरभाड्याचा चेकही परत येऊ शकतो. स्टेटमेंट पाठवल्यापासून 60 दिवसांत कळवलं नाही, तर त्यानंतर गेलेले पैसे तुमच्या माथी येऊ शकतात.

माग कसा काढायचा

चोराने खरेदी दुकानात केली की ऑनलाइन, हे बँकेला विचारा. चुंबकीय पट्टीतला सुरक्षा कोड आणि कार्डवर छापलेला कोड वेगळे असतात, म्हणून चोराच्या हाती काय लागलं याचा यातून अंदाज येतो. बनावट कार्ड दुकानात घासलं गेलं असेल, तर पट्टीची नक्कल झाली असावी आणि संशय एटीएमवर किंवा गॅस स्टेशनवर. पंपांना चिप वाचणारी यंत्रं बसवायची मुदत 2021 पर्यंत मिळाली होती, तोवर अनेक ठिकाणी पट्टीच घासली जायची. ऑनलाइन खरेदी झाली असेल, तर नंबर कुठे टाइप केला, फोनवर कुणाला सांगितला आणि रेस्टॉरंटमध्ये वेटर कार्ड आत घेऊन गेला होता का, ते आठवा. यातून खात्री नाही, पण दिशा मिळते.

बँका हेच मोठ्या प्रमाणावर करतात. चोरीला गेलेली अनेक कार्डं आधी कोणत्या एकाच दुकानात वापरली होती, ते त्या ताडून पाहतात. 2013 मध्ये टार्गेट या दुकानांच्या साखळीतून सुमारे 4 कोटी कार्डांची माहिती गेली, तेव्हाही बँकांना ही सामाईक जागा दिसली होती. चोर टार्गेटच्या संगणक यंत्रणेत शिरले होते ते रेफ्रिजरेशनचं काम करणाऱ्या एका कंत्राटदाराचा पासवर्ड वापरून.

पुढच्या वेळेसाठी

कार्डांची वाटणी करा: एक फक्त मासिक वर्गण्यांना, एक पंप आणि रेस्टॉरंटला, एक ऑनलाइनला. तुमची बँक देत असेल, तर प्रत्येक वेबसाइटसाठी वेगळा व्हर्च्युअल नंबर घ्या. नवरा-बायकोच्या कार्डांचे नंबरही शक्य असेल तर वेगळे मागा. मग नंबर फुटला, तरी शोधायच्या जागा मोजक्याच उरतात.

एवढं करूनही उगम सापडेलच असं नाही आणि बँक तो सांगेलच असंही नाही. म्हणून पुराव्याशिवाय कुठल्या दुकानदारावर किंवा वेटरवर आळ घेऊ नका. नवं कार्ड आलं की वर्गण्यांसाठी नवा नंबर द्या आणि दर आठवड्याला स्टेटमेंट डोळ्यांखालून घाला.