बिबट्याचा जबडा मिटवायचा कसा?

प्रश्न : शाळेच्या भिंतीवर बिबट्या रंगवायचा आहे. मुलांना काढायला सांगितला, तर जवळजवळ सगळ्यांनी जबडा वासलेलाच काढला. आपल्याकडचा खरा बिबट्या चित्रात कसा आणावा?
– एक कलाशिक्षिका, ता. आंबेगाव

उत्तर : बाई, मुलांनी खोटं काढलेलं नाही. जिथे शेजारच्या वस्तीवर हल्ला झालाय, तिथल्या मुलाकडून हसरा बिबट्या मागूही नये. पण भिंतीवर तेवढाच एक जबडा राहिला, तर नुकसान होतं.

आपल्या मनात बिबट्याचं एक चित्र पक्कं बसलेलं आहे : जंगलातून वाट चुकून गावात शिरलेला. जुन्नर वनविभागात पूर्वी वस्तीजवळ पिंजऱ्यात सापडलेले बिबटे लांबच्या जंगलात नेऊन सोडले जात, ते याच समजुतीने. वन्यजीव अभ्यासक विद्या अत्रेय आणि सहकाऱ्यांनी २०११ मध्ये त्याचा हिशेब मांडला. आधी माणसांवर वर्षाला सरासरी ४ हल्ले होत. असे २९ बिबटे हलवल्यानंतर हल्ले १७ वर गेले. चित्र चुकलं की उपायही चुकतो, म्हणून तुमची भिंत मला फार महत्त्वाची वाटते.

तेव्हा घनदाट जंगल काढू नका, ऊस काढा. माणिकडोह, डिंभे, येडगाव, वडज आणि पिंपळगाव जोगे या धरणांचं पाणी आलं, ऊस वाढला आणि बिबट्याला आडोसा मिळाला. वस्तीवर कुत्री-शेळ्या आहेतच. कित्येक पिल्लं उसातच जन्मतात. तोडणीला पिल्लू सापडलं, की वनखात्याची माणसं ते तपासून त्याच जागी क्रेटमध्ये ठेवतात आणि लांबून पाळत ठेवतात. अंधार पडल्यावर आई येते, मानगुटीला धरून त्याला घेऊन जाते. माझ्या मते भिंतीवर हेच चित्र हवं.

आता हात चालवण्याबद्दल. ठिपके छाप्याने उठवू नका. पाठीवर आणि कुशीवर तुटक कड्यांची पोकळ वर्तुळं असतात, आत कातडीपेक्षा थोडा गडद रंग; डोकं, मान आणि पायांवर भरीव ठिपके. एकाच बिबट्याच्या डाव्या-उजव्या कुशीची नक्षीही जुळत नाही. कॅमेऱ्याच्या फोटोंतून अभ्यासक एकेक जनावर ओळखतात, ते याच नक्षीवरून. मुलांना एकाच फोटोतली एकच कूस नीट बघून काढायला लावा. ठिपके मोजणाऱ्या मुलाची नजर जबड्यावरून आपोआप हलते.

आणि एकदा त्यांना वाघोबाच्या ठाण्यावर न्या. शेंदूर लावलेली ती मूर्ती घडवणाऱ्याचं नाव कुणाला ठाऊक नाही, पण या डोंगरातला वन्यजीवांचा जुना चित्रकार तोच. बिबट्या आणि पट्टेरी वाघ हा भेद त्याने फारसा केला नाही. बोलीत आजही दोघे वाघच. वाघबारसेला गुराखी तिथे खिरीचा नैवेद्य दाखवतात. त्यात भीती आहे आणि मानही आहे. तुमच्या रंगांत मला दोन्ही हवेत.

भिंतीच्या खालच्या अंगाला मुलंही काढा : तिन्हीसांजेला उसाच्या कडेने मोठ्याने बोलत, जोडीने, हातात बॅटरी घेऊन निघालेली. वाकलेलं किंवा उकिडवं बसलेलं मात्र एकही नको. बसलेलं लेकरू बिबट्याला माणूस वाटत नाही, सावज वाटतं.