ट्रिस्टन द कुन्हाचा प्रवास : भूगोलाचा एक पाठ

गेल्या वर्षीं भूगोलाच्या तासास मीं वरच्या वर्गांतील विद्यार्थ्यांना एक प्रश्न घातला होता : जगांतील एखाद्या अत्यंत एकाकी वसतिस्थानीं जावयाचें असल्यास तयारी कशी कराल? एका हुशार विद्यार्थ्यानें ट्रिस्टन द कुन्हा हें बेट निवडून, दिवाळीच्या तीन आठवड्यांच्या सुटींत जाऊन परत येण्याचा बेत सुवाच्य अक्षरांत लिहून आणला. गरम कपडे, दुर्बीण, बिस्किटें, कॅमेरा, सर्व कांहीं त्यांत होतें. बेत सुंदर होता. परंतु त्या बेतानें तो बहुधा बेटावर पोहोंचला नसता, आणि पोहोंचता तर सुटी संपतांना शाळेंत हजर झाला नसता. असें कां, तें पाहूं.

प्रथम नकाशा घ्यावा. दक्षिण अटलांटिक महासागरांत, सुमारें ३७ अंश दक्षिण अक्षांश व १२ अंश पश्चिम रेखांश यांच्या छेदापाशीं एक ठिपका सांपडेल. समुद्राच्या तळापासून उठलेल्या ज्वालामुखी पर्वताचा हा माथा होय. त्याचा व्यास सुमारें १२ किलोमीटर असून शिखर २,००० मीटरांहून थोडें अधिक उंच आहे. कायम वस्तीची सर्वांत जवळची भूमि म्हणजे सेंट हेलेना, आणि तीहि सुमारें २,४०० किलोमीटर दूर! बेटावर विमानतळ नाहीं. अडीचशेंच्या आंत माणसें एकाच गांवांत राहतात. गांवाचें नांव ‘एडिंबरो ऑफ द सेव्हन सीज’ असें भारदस्त आहे. बेटकरी मात्र त्यास नुसतें ‘सेटलमेंट’ म्हणतात.

बेटास नांव मिळालें तें १५०६ सालीं. त्या वर्षीं हिंदुस्थानाकडे निघालेल्या पोर्तुगीज आरमाराचा नायक ट्रिस्टन द कुन्हा यास तें दिसलें. त्याच आरमारांत अफोंसो द अल्बुकर्क होता. त्यानेंच पुढें १५१० सालीं गोवें घेतलें. १८१६ सालीं इंग्रजांनीं बेटावर शिबंदी ठेविली, कारण सेंट हेलेनावर कैदेंत असलेल्या नेपोलियनास सोडविण्यासाठीं कोणी या बेटाचा उपयोग करील अशी त्यांस भीति होती. दुसऱ्या वर्षीं शिबंदी उठली, परंतु विल्यम ग्लास नांवाचा एक शिपाई बायकामुलांसह मागें राहिला. आजच्या गांवाचा आरंभ त्याच्यापासून झाला.

आतां गणित करूं. केपटाउनहून अंतर सुमारें २,८०० किलोमीटर. जहाज तासाला १८ किलोमीटर चाललें तर १५५ तास, म्हणजे साडेसहा दिवस लागतात. त्यांतहि या अक्षांशांत वारे बहुधा पश्चिमेकडून वाहतात, म्हणून जातांना ते तोंडावर घ्यावे लागतात. तेव्हां एक आठवडा धरणेंच शहाणपणाचें. जाण्यायेण्याचे दोन आठवडे गेले, एक उरला, असें आमच्या विद्यार्थ्यास वाटलें. येथेंच तो चुकला. मासे धरणारीं व माल नेणारीं जहाजें वर्षांतून थोड्याच फेऱ्या करितात, आणि दक्षिण आफ्रिकेचें संशोधन-जहाज वर्षांतून एकदां जातें. आपण किती दिवस राहावें हें आपण ठरवीत नाहीं, पुढचें जहाज ठरवितें.

शिवाय जहाजावर जागा थोड्या. रुग्ण, बेटावरील रहिवासी, सरकारी कामासाठीं जाणारे यांचा हक्क आधीं. हौशी प्रवासी शेवटीं. तिकीट हातीं असूनहि ऐन वेळीं मागें राहण्याची पाळी येऊं शकते. कोणी यास अन्याय म्हणेल. परंतु ज्या आजाऱ्यास दुसरा मार्गच नाहीं, त्याची जागा आपल्या दुर्बिणीसाठीं अडविणें हा खरा अन्याय होय.

बेट दिसलें म्हणजे पोहोंचलों असेंहि नाहीं. कॅलशॉट नांवाचें बंदर इतकें लहान आहे कीं मोठें जहाज बाहेरच नांगर टाकतें व उतारू होडींतून नेतात. समुद्र खवळला कीं होडी निघत नाहीं; गांव डोळ्यांसमोर असतां दिवसचे दिवस थांबावें लागतें. १८८१ सालीं रेव्हरंड एड्विन डॉजसन हे मिशनरी तेथें गेले. ‘ॲलिस’च्या गोष्टीचे लेखक लुइस कॅरल यांचे ते धाकटे बंधु. ज्या गलबतानें ते गेले तेंच किनाऱ्यावर फुटलें व त्यांचें बरेंच सामान गेलें. तरी तशाच स्थितींत त्यांनीं कामास आरंभ केला. पुढें ते परतले. १८८५ सालीं एका जहाजाशीं देवघेव करण्यास होडींतून निघालेले बेटावरील १५ पुरुष समुद्रांत नाहींसे झाले. गांवांत विधवा व मुलें उरलीं. त्यानंतर १८८६ सालीं डॉजसन पुन्हा तेथें गेले. लाटांविषयीं बेटकरी ‘आज नाहीं’ म्हणाले, तर पाहुण्यानें वाद कां घालूं नये, हें यावरून कळेल.

म्हणून बेत कपड्यांपासून नव्हे, पत्रापासून आरंभावा. बेटावर जाण्यास तेथील मंडळाची, म्हणजे आयलंड कौन्सिलची, अनुमति लागते. येण्याचें कारण, मुक्काम, तारखा हें सर्व पुष्कळ महिने आधीं लिहून कळवावें. परतीचें तिकीट, पुरेसे पैसे आणि आजार झाल्यास केपटाउनला नेण्याचा खर्च सोसणारा विमा हवा. चलन ब्रिटिश पौंडाचें. भारतीय पारपत्र असणाऱ्यास दक्षिण आफ्रिकेचा व्हिसा लागतो, आणि परतीची वाटहि केपटाउनवरूनच असल्यामुळें तो दोनदां प्रवेश देणारा असावा. ही गोष्ट बेतांत कोणीहि लिहिली नव्हती.

हॉटेल नाहीं, एखाद्या कुटुंबांत किंवा भाड्याच्या घरांत राहावयाचें. एक लहान रुग्णालय आहे. त्याचें नांव इटलींतील कामोली गांवावरून ठेविलें आहे, कारण १८९२ सालीं जहाज फुटून आलेले तेथील दोन खलाशी बेटावरच स्थायिक झाले. दुखणें मोठें असल्यास मात्र केपटाउन गांठावें लागतें. तेव्हां दाढ दुखत असेल तर ती घरींच काढून जावें!

सामानांत एक काम क्षुल्लक वाटेल : बूट धुणें. तळव्याच्या मातींतून बीं जातें, पिशवींतून किडा जातो. १८८२ सालीं फुटलेल्या एका जहाजांतून उंदीर बेटावर उतरले ते आजतागाईत गेले नाहींत. ऋतूहि लक्षांत ठेवावा. आपल्याकडे थंडी असतां तेथें उन्हाळा असतो, परंतु पावसाचे कपडे बारमास लागतात.

१९६१ सालच्या ऑक्टोबरांत गांवाशेजारीं ज्वालामुखी फुटला व सर्व रहिवाशांना इंग्लंडांत नेण्यांत आलें. तेथें नोकऱ्या होत्या, दुकानें होतीं, आगगाड्या होत्या. तरी १९६२ सालीं मतें घेतलीं तेव्हां १४८ जण परत जाण्याच्या बाजूचे व ५ विरुद्ध निघाले. १९६३ सालीं बहुतेक सर्व घरीं पोहोंचले. जुनी होड्यांची जागा लाव्ह्याखालीं गेली होती. नवें बंदर बांधलें, त्यास कॅलशॉट हें नांव इंग्लंडांतील ज्या ठिकाणीं ते राहिले होते त्यावरून मिळालें.

हें सर्व सांगून मीं तो कागद विद्यार्थ्यास परत दिला. आठ दिवसांनीं त्यानें नवा बेत आणला. बिस्किटें कमी झालीं होतीं, पहिल्या ओळींत कौन्सिलास लिहावयाच्या पत्राचा मसुदा होता, आणि परतीच्या तारखेची जागा त्यानें कोरी ठेविली होती.