सत्याचे माप कोणापाशी?

“ज्याचे सत्य त्याच्यापाशी,” असे बोलणे अलीकडे खेड्यापाड्यांतूनही ऐकू येऊ लागले आहे. शहरात शिकून आलेला तरुण ते बोलतो, आणि तंटा मिटावा म्हणून वडील माणसेही ते बोलतात. ऐकावयास ते गोड लागते, कारण त्यात कोणाचा अपमान नाही व कोणावर सक्ती नाही. परंतु ते खरे आहे काय? सर्वांस सारखेच लागू पडणारे, कोणी मानो वा न मानो, तरी टिकून राहणारे असे काही सत्य आहे, की सत्य म्हणजे माणसामाणसांची केवळ मते? ह्या प्रश्नावर श्रद्धावंत व संशयवादी यांचा मतभेद फार जुना आहे. उपदेशकांस त्याचे उत्तर वारंवार द्यावे लागते, यास्तव ह्या पाठात आपण त्याचा शांतपणे विचार करू.

१. संशयवाद्यांचे म्हणणे

दुसऱ्याचे म्हणणे नीट समजून घेतल्यावाचून त्यास उत्तर देणे हा न्याय नव्हे. ग्रीस देशात इसवी सनापूर्वीच्या पाचव्या शतकात प्रोटॅगोरस नावाचा शिक्षक होऊन गेला. प्रत्येक वस्तूचे माप माणूसच होय, अशी त्याची शिकवण होती. एकच वारा एकास थंड लागतो, दुसऱ्यास लागत नाही. तर मग वारा थंड आहे किंवा नाही हे कोणी ठरवावे? पुढे पिऱ्हो नावाच्या तत्त्वज्ञाच्या अनुयायांनी असे शिकविले की, कोणत्याही गोष्टीविषयी निश्चित मत न देणे यातच मनाची शांती आहे.

जैन आचार्यांचा अनेकान्तवाद कित्येक लोक ह्याच पंक्तीत बसवितात, पण ते बरोबर नव्हे. वस्तूला अनेक बाजू आहेत व आपले प्रत्येक विधान एकाच बाजूने केलेले असते, असे तो मत सांगतो. सत्यच नाही असे तो सांगत नाही. उलट, ज्यास केवलज्ञान प्राप्त झाले त्यास सर्व बाजू कळतात, असे जैनांचे मानणे आहे.

आमच्या महाराष्ट्रात गोपाळ गणेश आगरकर (इ. स. १८५६–१८९५) यांनी इ. स. १८८८ मध्ये ‘सुधारक’ पत्र काढून, बुद्धीस जे पटत नाही ते केवळ जुने म्हणून मानू नये, असे निर्भयपणे लिहिले. संशयवाद्यांचे आक्षेप थोडक्यात असे: धर्म अनेक आहेत, प्रत्येकास आपलाच खरा वाटतो, आणि बहुतेक माणसे ज्या घरी जन्मली त्या घरचा धर्म धरितात. शिवाय आपणांपाशी पूर्ण सत्य आहे असे समजणाऱ्यांनी जगात पुष्कळ रक्त सांडले आहे. वाचकहो, हे आक्षेप हलके नाहीत. त्यांस हसून वाटेस लावणे आपणांस शोभणार नाही.

२. दोन प्रश्न वेगळे करा

ह्या वादात दोन निराळे प्रश्न एकत्र मिसळलेले असतात. “सत्य आहे काय?” हा एक, “ते मला पूर्णपणे कळले आहे काय?” हा दुसरा. अंधाऱ्या रात्री चार माणसे विहिरीच्या काठी उभी राहून पाणी किती असेल याविषयी वाद घालितात. एक म्हणतो दोन पुरुष, दुसरा म्हणतो गुडघाभर, तिसरा म्हणतो विहीर कोरडी. चौघांची मते चार झाली म्हणून विहिरीत पाणी चार प्रकारचे होत नाही. पाणी आहे तितकेच आहे. ते किती आहे हे पाहावयाचे असेल तर दोर खाली सोडिला पाहिजे.

वाऱ्याच्या दृष्टान्ताचेही असेच आहे. हिवतापाने कापणाऱ्या माणसास भर उन्हात थंडी वाजते. त्यास थंडी वाजते हे खरे, बाहेर ऊन आहे हे खरे, आणि त्याच्या अंगात ताप आहे हेही खरे. दोघांच्या अनुभवांत भेद पडला म्हणून सत्य नाहीसे झाले नाही. उलट त्या भेदाचे कारण शोधिले तेव्हा रोग सापडला.

आणखी एक गोष्ट प्लेटो याने फार पूर्वीच दाखवून दिली आहे. “सर्वांस लागू पडणारे असे सत्य नाहीच,” असे जो म्हणतो त्यास विचारावे, हे तुझे म्हणणे तरी सर्वांस लागू आहे काय? लागू असेल तर एक सत्य सापडलेच. लागू नसेल तर ते तुझे एकट्याचे मत झाले. पुढे ऑगस्टीन, जो स्वतः काही काळ संशयाच्या फेऱ्यात सापडला होता, त्याने इ. स. ३८६ मध्ये संशयवाद्यांविरुद्ध एक ग्रंथ लिहिला. आणि आपण संशय घेत आहो एवढे तरी संशय घेणाऱ्यास निश्चित ठाऊक असते, असे त्याने अन्यत्र दाखविले.

तथापि उपदेशकांनी ह्या युक्तिवादाचे बळ वाजवीपेक्षा अधिक समजू नये. सत्य आहे, एवढेच त्याने सिद्ध होते. आमचा प्रत्येक सिद्धान्त खरा आहे असे त्याने सिद्ध होत नाही.

३. किलोग्रॅमचा दृष्टान्त

पूर्वी आमच्याकडे शेर, पायली, मण ही मापे प्रांतोप्रांती निराळी असत. एका बाजारचा शेर दुसऱ्या बाजारी जुळत नसे व त्यात गरिबाचे नुकसान होई. भारत सरकारने इ. स. १९५६ मध्ये कायदा केला आणि इ. स. १९५८ पासून किलोग्रॅमचे वजन देशात चालू होऊ लागले. आता, किलोग्रॅम म्हणजे किती, हे कोण ठरवी? फ्रान्स देशात पॅरिसजवळ सेव्र येथे प्लॅटिनम व इरिडियम ह्या धातूंचे एक लहान वजन काचेच्या झाकणांखाली जपून ठेविलेले आहे. इ. स. १८८९ मध्ये राष्ट्रांनी ठरविले की, ह्याचे जे वजन तोच किलोग्रॅम. त्याच्या प्रती देशोदेशी देण्यात आल्या.

सुमारे शंभर वर्षांनी त्या प्रती मूळ वजनाशी ताडून पाहिल्या, तेव्हा त्यांत सुमारे ५० मायक्रोग्रॅमचा, म्हणजे बारीक वाळूच्या एका कणाएवढा, फरक आढळला. मूळ वजन घटले की प्रती वाढल्या, हे त्या धातूच्या तुकड्यांवरून सांगता येईना. नियमाप्रमाणे मूळ वजन कधीच चुकीचे ठरू शकत नव्हते, कारण माप तेच होते! अखेरीस इ. स. २०१८ च्या नोव्हेंबर महिन्यात राष्ट्रांच्या परिषदेने ठराव केला की, किलोग्रॅमची व्याख्या माणसाने घडविलेल्या वस्तूवर न ठेविता प्लांकचा स्थिरांक म्हणून सृष्टीत जे एक न बदलणारे परिमाण आढळते त्यावर बसवावी. हा ठराव २० मे २०१९ पासून अमलात आला.

ह्या गोष्टीपासून दोन्ही पक्षांनी काही शिकण्याजोगे आहे. माणसाने घडविलेले माप किती जपले तरी ढळते, हा संशयवाद्यांचा इशारा खरा ठरला. परंतु माप ढळले म्हणून विद्वानांनी तराजू मोडून टाकिला नाही, किंवा ज्याचा त्याचा किलोग्रॅम निराळा असेही म्हटले नाही. जे ढळत नाही त्याचा त्यांनी शोध केला. कोणी म्हणेल, नवी व्याख्या तरी माणसांनीच मते देऊन केली ना? होय, नाव व आकडा माणसांनी ठरविला. पण सृष्टीतील ते परिमाण स्थिर राहावे की न राहावे, हे कोणाच्या मतावर अवलंबून नाही.

४. गावाचे मत म्हणजे सत्य नव्हे

वजनाची गोष्ट एक, बऱ्यावाइटाची गोष्ट दुसरी, असे पुष्कळ जण म्हणतील. पाणी किती व वजन किती याविषयी सत्य आहे, पण योग्य काय व अयोग्य काय हे मात्र समाजाच्या रूढीवर आहे, असे त्यांचे म्हणणे. ह्याची परीक्षा महाडच्या चवदार तळ्यावर करून पाहा. इ. स. १९२३ मध्ये मुंबईच्या कायदे कौन्सिलाने सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांस मोकळे करण्याचा ठराव केला, व पुढे महाडच्या नगरपालिकेनेही तळे खुले केले. तरी गावाचे मत आड येत होते. गुरेढोरे जेथे पाणी पीत तेथे माणसास मनाई होती. २० मार्च १९२७ रोजी डॉ. भीमराव आंबेडकर हजारो लोकांसह त्या तळ्यावर गेले व त्यांनी पाणी प्याले. मग त्या लोकांवर मारहाण झाली आणि तळ्याची शुद्धी करण्यात आली. प्रकरण न्यायालयात गेले, आणि इ. स. १९३७ मध्ये मुंबईच्या उच्च न्यायालयाचा निकाल अस्पृश्यांच्या बाजूने लागला. इ. स. १९५० पासून अमलात असलेल्या राज्यघटनेच्या १७ व्या कलमाने अस्पृश्यता रद्द केली आहे.

आता विचार करा. ज्याचे सत्य त्याच्यापाशी असेल, तर तळे बाटले हेही त्या गावापुरते खरेच मानावे लागेल. घटना होण्यापूर्वी अस्पृश्यता अन्याय नव्हती, कायदा झाल्यावर ती अन्याय झाली, असे म्हणावे लागेल. हे आमच्यातील कोणास मान्य होईल? ज्यांचे वाडवडील पाणवठ्यावरून हाकलले गेले त्यांस ठाऊक आहे की, ती गोष्ट सर्वांनी योग्य म्हटली तेव्हाही अयोग्यच होती. बलवानास सत्याची गरज थोडी असते. त्याचे मत त्याच्या काठीने चालते. गावातील बहुमताहून वरिष्ठ असे काही नसेल, तर दुबळ्याने दाद कोणापाशी मागावी?

म्हणूनच आगरकरांसारखा संशयवादीसुद्धा लोकमताविरुद्ध विधवांच्या व मुलींच्या बाजूने उभा राहिला. ते सत्य बुद्धीने व मनुष्याच्या हितावरून कळते, असे त्याने म्हटले असते. त्याचे मूळ ईश्वराच्या ठायी आहे व ख्रिस्ताच्या ठायी ते आम्हांस दिसले, असे आम्ही म्हणतो. हा मतभेद खरा आहे व तो झाकू नये. परंतु सत्य आहे की नाही हा तो मतभेद नव्हे. सत्याचा उगम कोठे, हा तो मतभेद होय.

५. श्रद्धावंतांस इशारा

सत्य आहे, असे कबूल करणारावर जबाबदारी अधिक पडते. इ. स. १८३३ मध्ये कलकत्त्याचे बिशप डॅनियल विल्सन यांस दक्षिण हिंदुस्थानातील मंडळ्यांस पत्र लिहून, मंडळीतून जातिभेद पूर्णपणे काढून टाका, असे बजवावे लागले. कारण एका पित्याची लेकरे म्हणविणारे लोक उपासनेतही जातीप्रमाणे वेगळे बसत होते. कित्येकांनी त्या आज्ञेस विरोध केला. सत्य त्यांच्या मुखात होते, पण त्या सत्याने आपलेच माप घ्यावे हे त्यांस नको होते. पौल प्रेषिताने करिंथकरांस लिहिताना आपले ज्ञान अजून अपुरे आहे असे कबूल केले. जेथे प्रेषित असे बोलतो, तेथे आम्ही सर्वज्ञतेचा आव आणू नये.

दुसऱ्या बाजूस पिलाताकडे पाहा (योहान १८ वा अध्याय). सत्याविषयी प्रश्न त्यानेही केला, पण उत्तरासाठी तो थांबला नाही. समोर उभ्या असलेल्या मनुष्याचा काही अपराध नाही हे त्यास ठाऊक होते, आणि तरीही त्याने त्यास मरणास सोपवून दिले. कर्तव्य टाळण्यासाठी घेतलेला संशय तो असा. सत्य सापडावे म्हणून संशय घेणारा तरुण पिलातासारखा नव्हे. त्यास दटावू नका, त्याच्याबरोबर दोर विहिरीत सोडा.

त्याच्याशी बोलताना आरंभ कोठून करावा? आपल्या देशाच्या इ. स. १९६९ च्या शपथ कायद्याप्रमाणे साक्षीदार देवाची शपथ घेऊ शकतो, अथवा शपथेऐवजी गंभीरपणे प्रतिज्ञा करू शकतो. श्रद्धावंत व नास्तिक असे दोघे एकाच पिंजऱ्यात उभे राहतात, आणि खरे तेच सांगण्यास दोघेही सारखेच बांधलेले असतात. तेथून आरंभ करावा. आणि आपण दिलेली साक्ष, बाजारात धरलेले माप व घरात बोललेला शब्द ही खरी आहेत की नाहीत, हे तो तरुण आधी पाहणार आहे, याची आठवण ठेवावी.

चर्चेसाठी प्रश्न

(१) “सत्य आहे” व “मला सत्य पूर्ण कळले आहे” ह्या दोन विधानांत भेद काय?
(२) गावातील सर्वांस योग्य वाटणारी, पण अन्यायाची अशी एखादी रूढी आज आपल्या गावी आहे काय?
(३) आपल्या मंडळीच्या कोणत्या वर्तनामुळे संशय घेणाऱ्यास अडखळण होते? ते काढण्यास ह्या महिन्यात आपण काय करावे?