माळवदाची खोली सजवताना

प्रश्न : उमरगा तालुक्यातल्या आमच्या जुन्या माळवदाच्या घरातली एक खोली नव्याने सजवायची आहे. सिमेंटचा गिलावा करून ऑइलपेंट द्यावा का?

उत्तर : नको. दगडमातीच्या भिंतीतली ओल दोन्हींमुळे अडकते, मग पोपडे सुटतात. चुन्याचा गिलावा आणि चुन्याचीच सफेदी द्या. खरी काळजी डोक्यावर आहे. ३० सप्टेंबर १९९३च्या पहाटेच्या भूकंपात तुमच्याच भागात असल्या जाड भिंती आणि माळवदाच्या मातीखाली माणसं गाडली गेली. वर्षानुवर्षं माती चढून माळवद जड झालं असेल, तर अभियंत्याला विचारून ते हलकं करा. भिंत फुगलेली दिसली, तर रंगाऱ्याला आधी थांबवा. तुळयांची वाळवी तपासून जवसाचं तेल लावा. फॉल्स सीलिंग मात्र नकोच. त्याखाली गळती दिसत नाही.